पाठीवरचा साहेब

साहेब माझ्या पाठीवर चढला तेव्हा त्यानं बूटसुद्धा काढले नव्हते.

दवाखान्याची बोट आमच्या टापूपासून लांब उभी होती. उन्हाळा तोंडावर आला की धरणाचं पाणी उतरतं आणि पाणी अन् काठ यांच्या मधे नुसता गाळ उरतो. काळा, चिकट, मांडीपर्यंत. फळी टाकली तरी फळी संपते, गाळ संपत नाही. त्या फळीच्या टोकाला साहेब उभा होता. दोन्ही हात पुढे पसरलेले, लहान पोर आईकडे पसरतं तसे. मी गाळात पाठ वाकवली. तो चढला. माझ्या गळ्याला मिठी घातली. बुटाची टाच माझ्या बरगडीत रुतली.

"हळू चाल रे. मन्हा बूट नवा शेतस."

मी हळू चाललो. अर्ध्यात आलो तर त्याचा फोन वाजला. आमच्या टापूवर रेंज नाही. पण त्या गाळात मधोमध कुठंतरी पलीकडच्या गुजरातचा टॉवर लागतो.

"थांब, थांब. रेंज जाई."

मी थांबलो. तो माझ्या पाठीवर बसून फोनवर बोलला. पपईच्या बागेचं बोलला. कुणाच्या तरी लग्नाच्या जेवणाचं बोलला. गाळात चालत राहिलं तर पाय निघतो, उभं राहिलं की माणूस खाली खाली जातो. मी खाली जात होतो आणि तो जेवणाचं बोलत होता. मग पलीकडच्यानं विचारलं असेल, कुठं आहेस म्हणून. तर हा खदाखदा हसला. त्याचं हसू माझ्या पाठीत हललं.

"घोडावर बठेल शे मी!"

मी पाय उपसले आणि चाललो.

खरी लाज पुढेच होती. काठावर माझी आई उभी होती. आम्ही आईला याहा म्हणतो. तिनं पाहिलं, पोरगा कुणाला तरी पाठीवरून आणतोय. आमच्याकडं पाठीवरून माणूस येतो म्हणजे तो आजारी असतो. दुसरा अर्थच नाही. साप चावलेला, पाय मोडलेला, अडलेली बाई, म्हातारं माणूस. ज्याला चालवत नाही त्याला आम्ही उचलतो. डोंगरातून उचलतो, पाण्यातून उचलतो, ओळखीचा असो की नसो. यात आम्हाला कमीपणा कधीच वाटला नाही. तर याहानं हाक मारली, चार बाया धावल्या, महूच्या झाडाखाली खाट आली. कुणी पाणी आणलं. साहेबाला मी उतरवला तर याहानं त्याला धरून खाटेवर बसवलं आणि कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ती काळजीत पडली. आमच्या बोलीत मला विचारलं, "कुठं दुखतं रे याला?"

मी हाताचा गाळ निपटत राहिलो.

"काय म्हणी ऱ्हायनी ती डोकरी?" साहेबानं विचारलं.

दुभाषा मीच. नोकरीत तेही येतं. मी सांगितलं, "विचारते आहे, साहेबाला कुठं दुखतं."

तो असा हसला की खाट करकरली. मागं गाळातून चालत आलेल्या सिस्टरला म्हणाला, "सांगा हिले. मन्हा बुटले दुखस म्हणा."

सिस्टर हसली नाही. खाली बघत औषधांची पेटी उघडत राहिली. मी ते वाक्य आमच्या बोलीत आणलं नाही. आणू शकलो नाही. नुसतं म्हणालो, "काही दुखत नाही त्याला."

"मग तुझ्या पाठीवर कशाला बसला?"

"काम आहे माझं, याहा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. अंगावर गाळ, बरगडीवर बुटाचा ठसा. "हे काम आहे?" ती म्हणाली. मग म्हणाली, "उठव त्याला. खाट आजाऱ्याची आहे."

हेही मी साहेबाला सांगितलं नाही. तो खाटेवर बसला, पाणी प्यायला, आणि आमच्या बाया उभ्या राहिल्या. अंगाची लाही लाही होत होती माझ्या. पण मी उभा होतो, हात बांधून, पगारी माणसासारखा.

आता मी कोण ते सांगतो. आमचं गाव खाली नदीकाठी होतं. धरण झालं, पाणी चढलं, गाव बुडालं. डोंगराचं डोकं तेवढं वर राहिलं, त्याला आता सगळे टापू म्हणतात. घरं थोडी, चहूबाजूंनी पाणी. बाजाराला जायचं तर आधी होडी, मग डोंगर चढून जीप, तेव्हा मोलगी. आजारी पडलं तर पाण्यावरचा दवाखाना येतो, म्हणजे बोट. तिच्यावर एक सिस्टर, एक डॉक्टर असला तर असतो, बोट चालवणारा रुमाल्यादादा आणि मी मदतनीस. मी आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलो म्हणून मदतनीस. पेट्या चढवायच्या, रोगी आणायचे, लोकांचं बोलणं सिस्टरला सांगायचं, सिस्टरचं लोकांना.

बोट सरकारची असेल, आम्ही ठेकेदाराचे. अकरा महिन्यांचे. अकरा महिने झाले की ब्रेक. ब्रेक म्हणजे घरी बसा आणि वाट बघा, नवी ऑर्डर निघते की नाही. ती काढायची की नाही ते ठरवणार साहेब. साहेब म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. शहाद्याकडचा, पुरुषोत्तमनगरच्या बाजूला त्याची शेती. ब्रेकमध्ये तो आम्हाला बागेत बोलवायचा. "चक्कर मारी जा," एवढंच म्हणायचा. चक्कर म्हणजे दिवसभर राबणं. जो गेला त्याची ऑर्डर लवकर निघायची. सिस्टरला दिवस गेले तर तिला ऐन वेळी ब्रेक दिला, आणि लेकरू मोठं होईपर्यंत तो ब्रेक संपलाच नाही. ती परत आली तेव्हा कागदावर नवीन होती. तीच सिस्टर, तीच बोट, आणि नवीन! कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? सगळ्यांच्या ऑर्डरी बाकी.

आणि हे पाठीवर बसणं कसं सुरू झालं ते ऐका. आधीच्या उन्हाळ्यात साहेबाचा पाय खरंच मुरगळला होता. पट्टी बांधून आला होता. रुमाल्यादादा म्हणाला, साहेब, तुम्हाला चालवणार नाही, या. आणि त्यानं उचलला. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या रीतीनं उचलला. पुढच्या खेपेला पट्टी नव्हती. साहेब तरी फळीच्या टोकाला हात पसरून उभा. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. रुमाल्यादादानं पुन्हा पाठ वाकवली. पायाचं दुखणं गेलं आणि सवय राहिली. मग रुमाल्यादादाची कंबर धरली तर माझी पाळी आली. आमचं मन मोठं होतं, ते त्यानं ड्युटीत लिहून टाकलं.

मी का उचलत होतो? ही नोकरी होती म्हणून मी घरी होतो. माझा धाकटा भाऊ दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला जातो. होळीला येतो, तोंड काळं पडलेलं, आणि पोरं त्याला ओळखत नाहीत. मोलगीच्या बाजारात ती जीप उभी असते, माणसं कोंबून भरलेली, टपावर गाठोडी. ही नोकरी गेली की त्या जीपमध्ये मी. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून पाठ वाकत होती.

याहा त्यानंतर मला काही बोलली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती भाकरी वाढायची. मी अर्धी भाकरी टाकून उठायचो.

होळी झाली आणि पुढची खेप आली. त्या दिवशी टापूवरच्या म्हाताऱ्या सिंगाबाबाला बोटीवर न्यायचं होतं. होळीच्या विस्तवात बाबाचा पाय भाजला होता, जखम चिघळली होती. म्हातारा हाडाचा सापळा, पण कण्हत होता. मी त्याला पाठीवर घेतला आणि गाळातून फळीपर्यंत आलो. फळीच्या टोकाला साहेब. हात पसरलेले.

"त्याले ठेव तठे. पहिले मले उतार."

"कुठं ठेवू साहेब? खाली गाळ आहे."

"अरे ठेव ना फळीवर. मरत नही तो."

फळी हातभर रुंद. त्यावर म्हातारा, भाजलेल्या पायाचा. मी साहेबाच्या बाजूनं वर चढलो, सिंगाबाबाला आत नेऊन सिस्टरपाशी ठेवला. परत खाली गाळात उतरलो. साहेबानं माझ्या खांद्यावर हात टाकला. ओल्या बैलाला थापटतात तशी थाप मारली.

बस. माझं डोकं फिरलं. आतलं इतके दिवस कुठं दडलं होतं ते माहीत नाही, त्या थापेनं बाहेर आलं. मी वळलो आणि विचारलं, "साहेब, तुम्हाला कुठं दुखतं?"

"काय?"

"पाय दुखतो? कंबर? चक्कर येते? सिस्टर आहेत, बघतील. दुखत असेल तर आत्ता घेतो पाठीवर. नसेल दुखत तर बूट काढा आणि चाला."

सिस्टर हातातलं सोडून वळून बघायला लागली. सिंगाबाबासुद्धा कण्हायचा थांबला. साहेबाचं तोंड लाल झालं. "तुले माहीत शे का, तू कोनासंगे बोली ऱ्हायना?"

"माहीत आहे."

"उद्यापाईन येवानं नही. समजनं? तू नही ते दुसरा. तुन्हा जागावर धा जन उभा शेतस."

"तसं लिहून द्या," मी म्हणालो. हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. पण निघालं ते बरोबर निघालं.

तो मागं वळून ओरडला, "ए रुमाल्या! तू ये रे. उतार मले."

रुमाल्यादादा चाकापाशी बसलेला. त्याची पोरं शिकतात, त्याच्या घरात खाणारी तोंडं माझ्यापेक्षा जास्त. तो उठला तर मी त्याला काय म्हणणार होतो? तो जागचा हलला नाही. म्हणाला, "साहेब, इंजिन गरम झालंय. मला सोडता येत नाही."

इंजिन केव्हाचं बंद होतं.

सिस्टरनं पदर तोंडाला लावला. साहेब त्या दिवशी उतरलाच नाही. बोटीत बसून राहिला, घाम पुसत.

घरी आलो आणि भीती आली. सांगायला लाज कशाची? घाबरलो. जोरात घाबरलो. बायको म्हणाली, आता? मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, काय बघू? तिचं खरं होतं. टापूवर जमीन केवढी, खडकाच्या फटीत मका लावायचा तेवढी. भाऊ म्हणाला, माझ्याबरोबर चल, मुकादमाला सांगतो. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

मग रुमाल्यादादानं निरोप आणला. सिस्टरनं पाठवला होता. ठेकेदाराच्या ऑफिसात ठरलंय, मला काढलं असं दाखवायचं नाही. स्वतःहून काम सोडून गेला, असं लिहायचं. म्हणजे माझ्या हातून माझाच गळा. काढलं तर कारण द्यावं लागतं. सोडून गेला की विषय संपला. डोंगरातला माणूस, यांना कामाची सवय कुठं, असं म्हणायला सगळे मोकळे. सिस्टरचा निरोप एवढाच होता, "त्याले सांग, घर बसू नको."

मी बसलो नाही. पुढच्या खेपेला बोट दिसली तसा अंगावर ठेकेदाराचा निळा टी-शर्ट चढवला आणि गाळात जाऊन उभा राहिलो. साहेबानं पाहिलं. "तू काय करी ऱ्हायना आठे?"

"ड्युटी."

"तुले काढेल शे."

"कागद दाखवा."

कागद नव्हता. मी पेट्या उतरवल्या.

त्यानं दुसरा माणूस आणला होता. पलीकडच्या काठच्या पाड्यावरचा, तरणा, आमच्यातलाच. मनात म्हटलं, हा तरी नाही म्हणेल. साहेबानं हात पसरले. पोरानं माझ्याकडं पाहिलं, साहेबाकडं पाहिलं आणि पाठ वाकवली. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. रागानं आलं. त्याच्यावर राग नव्हता. गेल्या महिन्यात तिथं मीच होतो.

पण काठावर बाया होत्या. आणि याहा.

साहेब पाठीवरून उतरला तशा त्या पुढं आल्या. खाट आणली. चौघींनी धरून त्याला आडवा केला. तो "अरे काय शे हे" म्हणेपर्यंत एकीनं त्याचे बूट ओढून काढले. एक डोकं चेपायला बसली, एक तळपाय चोळायला. याहानं कुठल्यातरी झाडपाल्याचा काढा आणला होता, हिरवागार, तिच्या हातचा, मी लहानपणी त्याच्या वासानं पळायचो. तिनं वाटी त्याच्या ओठाला लावली. कुणीच हसत नव्हतं. एक म्हातारी तर गळा काढून रडायला लागली, बिचाऱ्याचे पाय गेले म्हणून.

"सांग यासले, मी बेमार नही!" तो माझ्यावर ओरडला.

मी सांगितलं. अगदी नीट, जोरात, आमच्या बोलीत. "हा म्हणतो, मी आजारी नाही."

याहा म्हणाली, "आजारी नसता तर चालत आला असता. पाज."

तो खाटेवरून उठला. बूट कुठं गेले ते दिसेनात. तसाच अनवाणी तरातरा गाळात शिरला आणि बोटीकडं चालत सुटला. मांडीपर्यंत चिखल, हातानं तोल सांभाळत. फळीपर्यंत एकटा गेला. म्हणजे चालता येत होतं! तेव्हा बाया हसल्या. पोटं धरून हसल्या. नवा पोरगा पण हसला. बूट याहानं बोटीवर पाठवून दिले. तिला कुणाची वस्तू नको होती.

हसलो खरं. पण हसण्यानं नोकरी येत नाही. मला नंदुरबारला ठेकेदाराच्या ऑफिसात बोलावणं आलं. तिथं मोठे साहेब होते. पांढरा शर्ट, गोड बोलणं, शुद्ध मराठी. समोर रिकाम्या खुर्च्या, मला बस म्हणाले नाहीत. मी ओढून घेतली आणि बसलो. त्यांनी खुर्चीकडं पाहिलं.

"हे बघ," ते म्हणाले, "आम्हाला वाद नको आहे. तू माफी माग. एका ओळीची. उद्यापासून कामावर ये. तुला कुणी पाठीवर घ्यायला सांगणार नाही, हा माझा शब्द."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचं तू कशाला बघतोस?"

मोह झाला. मी देव नाही. डोळ्यासमोर मोलगीची ती जीप आली, भावाची पोरं आली. एक ओळ. कुणाला कळणार होतं? मी टेबलावरच्या पेनाकडं पाहिलंही. मग मला तो नवा पोरगा आठवला, पाठ वाकवण्याआधी माझ्याकडं बघणारा. मी सुटलो तर तो अडकला. तो सुटला तर पुढचा. आणि सिस्टरचा ब्रेक तसाच, बागेतली चक्कर तशीच.

"माफी कशाची मागू?" मी विचारलं. "दुखत नसलेल्या माणसाला उचललं नाही, याची?"

"तुम्ही कंत्राटी आहात," मोठे साहेब म्हणाले. गोडवा संपला होता. "कंत्राटी म्हणजे काय, कळतं ना?"

"कळतं. कंत्राट कामाचं आहे. माझ्या पाठीचं नाही."

मी उठलो. खुर्ची जागेवर ठेवली आणि निघालो. 

आता आम्ही सरकारी कामगार ऑफिसात तक्रार केली आहे. वकील नाही, अक्कलकुव्याच्या एका मास्तरनं लिहून दिली. सांगितलं मी, लिहिलं त्यानं. पाठीवर माणूस घेणं कामात नाही. बाळंतपणाला ब्रेक चालणार नाही. ब्रेकमध्ये कुणाच्या बागेत राबणार नाही. कारण लिहिल्याशिवाय कुणाला काढायचं नाही. खाली मी सही केली. रुमाल्यादादानं अंगठा दिला. सिस्टरची ऑर्डर बाकी होती, तिला मी म्हणालो, ताई, तुम्ही राहू द्या. ती म्हणाली, "का? मी काय माणूस नही का?" आणि सही केली. सगळ्यात शेवटी तो नवा पोरगा आला. त्यानं विचारलं, कुठं करू. मी जागा दाखवली.

निकाल लागलेला नाही. तारीख पडते, पुढं जाते. साहेब अजून येतो. फळीच्या टोकाला उभा राहतो, पण हात पसरत नाही. खिशात घालून उभा राहतो, मग बूट काढतो आणि उतरतो. पगार माझा बंद आहे. भाऊ म्हणतो, किती दिवस? मला माहीत नाही.

मला एवढं माहीत आहे. बोट आली की मी गाळात असतो, निळा टी-शर्ट घालून. आजारी माणूस असेल तर उचलतो, पगार असो नसो. काम सोडलं असं मी कुणाला लिहू देणार नाही. काढायचं तर काढा. पण कागद आणा आणि त्यावर खरं कारण लिहा, की याच्या पाठीवर साहेबाला बसू दिलं नाही म्हणून याला काढला. खाली नाव लिहा, सही करा, शिक्का मारा. मी तो कागद टापूवर वाचून दाखवीन, मोलगीच्या बाजारात वाचून दाखवीन, कोर्टात वाचून दाखवीन. तोवर मी कामावर आहे.